दुसऱ्याच्या ओळी नीट लावताना

मोडी लिहिणारा कारकून आधी रेघा मारायचा. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आडव्या, एकाखाली एक. मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचं. बोरू होता होईतो उचलायचा नाही. शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही, वाक्य संपलं म्हणून टिंब द्यायचं नाही. वेलांटी बहुतेक दीर्घच, उकार बहुतेक ह्रस्वच. वर ‘श्री’, मग मायना, डावीकडे कोरा समास, आणि मजकूर आटोपला की ‘बहुत काय लिहिणें’ म्हणून लेखनसीमा. त्या सीमेखाली कुणाला मागाहून दोन ओळी घुसडता येऊ नयेत, हाही तिचा एक उपयोग.

हा कागद आज बाळबोधीत छापायचा, तर पहिलं काम शब्द तोडण्याचं. आणि तिथेच गोची आहे. समजा एका ओळीत ‘पाचशेतेत्यासदेणे’ असं सलग लिहिलंय. (ओळ मी बनवलेली आहे, कुठल्या दप्तरात शोधू नका.) ‘पाच शेते त्यास देणे’ असं तोडलं तर माणसाला जमीन मिळाली. ‘पाचशे ते त्यास देणे’ असं तोडलं तर रोकड मिळाली. अक्षर एकही बदललेलं नाही. मधे थोडी मोकळी जागा सोडली, तीही वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहिते; खरं तर लिहिते कमी आणि दुसऱ्यांनी लिहिलेले वाचते जास्त. मोडीचा नाद त्यानंतरचा. भरत नाट्य मंदिराजवळ भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे मोडीचे वर्ग चालतात. ऑफिसातून कंटाळून आलेल्या माणसाने पुन्हा दुसऱ्याचं किचकट लिखाण उलगडत बसावं, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. मला मात्र दोन्हीकडे एकच भांडण दिसतं.

आमच्या धंद्यातलं भांडण असं. एका प्रोग्रॅमवर दहा जण काम करतात. कुणी ओळ आत सरकवायला टॅब वापरतो, कुणी चार स्पेस. कुणी महिरपी कंस त्याच ओळीत उघडतो, कुणी खालच्या. मग एखादा उत्साही जीव शुक्रवारी संध्याकाळी सगळी फाइल ‘वाचायला सोपी’ करून टाकतो. काम तेच आहे म्हणे, फक्त मांडणी बदलली. सोमवारी मूळ लिहिणारा बघतो तर आपलीच फाइल ओळखू येत नाही, आणि वरून प्रत्येक ओळीपुढे नाव त्या उत्साही जीवाचं. आम्ही गिट नावाची नोंदवही वापरतो. कुठली ओळ कुणाची असं तिला विचारलं, तर त्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच ती सांगते. ओळ का लिहिली होती हे विचारायला तुम्ही त्या माणसाकडे गेलात, तर तो म्हणतो, मी फक्त स्पेस दिल्या होत्या.

हे सगळं आपल्याच पिढीने काढलं असं आमच्या पोरांना वाटतं. पुण्यात ते निदान पावणेदोनशे वर्षं चालू आहे.

या गावात हा विषय काढला की पाच मिनिटांत कुणीतरी ‘ध चा मा’ म्हणतोच. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ कुणी केलं ही गोष्ट तेव्हापासून गावाच्या तोंडी आहे. ती मी बाजूला ठेवते. तिथे सांगतात तो हेतूच काळा आहे, आणि काळ्या हेतूबद्दल शिष्टाचार काय सांगायचा? अडचण सद्हेतूची असते.

सद्हेतूचा उत्तम नमुना म्हणजे मेजर टॉमस कँडी. कंपनीच्या फौजेतला माणूस, पण मराठी अशी शिकला की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्याचा मोठा वाटा. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर त्याची देखरेख, आणि पुढे सरकारी मराठी भाषांतराच्या कामावर तोच. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं. तोवर मराठी मजकुरात थांबण्याची खूण म्हणजे पोथीतला दंड. मोडीत तर तोही नाही. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी मराठीत नीट बसवण्याचं श्रेय कँडीचं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मी हे वाक्य लिहितेय त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्याचाच.

पण कँडी चिन्हं देऊन थांबला नाही. शाळांसाठी जी मराठी पुस्तकं होत, ती शास्त्री-पंडितांनी लिहायची आणि साहेबाने तपासायची अशी व्यवस्था होती. तपासताना वाक्याची ठेवण साहेबाच्या कानाला बरी लागेल अशी होऊ लागली. इंग्रजीत कर्ता जिथे बसतो तिथे मराठीतही बसला, जोडवाक्यं सरळ रांगेत उभी राहिली. हेतू एकच, मुलांना सोपं जावं. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा या सरकारी मराठीवर त्यांनी जो हल्ला चढवला तो प्रसिद्धच आहे. भाषा कितीही शिकली तरी तिचं वळण ठरवायचा अधिकार परक्याला पोचत नाही, असा एकूण सूर. त्यांचे वडील कृष्णशास्त्री स्वतः सरकारी विद्याखात्यातले, भाषांतरं करणारे. म्हणजे घरातलीच हकीकत.

गंमत म्हणजे निबंधमालेची ती लांबलचक, श्वास पुरवून वाचायची वाक्यं ज्या अर्धविरामांवर तोललेली आहेत ते अर्धविराम साहेबाकडून आलेले. चिपळूणकरांचा जन्मही १८५० चाच, कँडीच्या त्या पुस्तकाच्या वर्षातला. चिन्हं घेतली आणि वळण नाकारलं. मला हा निवाडा बरोबर वाटतो. कुणी माझ्या कोडमध्ये दोन ओळी मोकळ्या सोडल्या तर मी आभार मानीन; माझं फंक्शन उचलून त्याला सुचतं तसं तीन तुकड्यांत लिहिलं आणि वर ‘फॉरमॅटिंग’ म्हणून नोंद केली, तर मानणार नाही. आमच्याकडचे निम्मे तंटे या दोन गोष्टी एकाच नोंदीत घातल्यामुळे होतात.

चिपळूणकरांची पुढची कथा मात्र त्यांना आवडली नसती.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आपण सगळे पाळतो, निदान पाळतो असं म्हणतो. १९६२ मध्ये चौदा झाले, १९७२ मध्ये आणखी चार. शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले हे सर्वांना माहीत असतं. पण त्या अठरांत एक नियम असा आहे की जुना मजकूर पुन्हा छापताना काय करावं. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात असेल तसंच छापायचं. त्यांच्यापासून पुढचं, खुद्द त्या दोघांचं धरून, नव्या नियमांप्रमाणे छापायचं. म्हणजे आपली भाषा दुसऱ्याने नीट लावू नये म्हणून जो माणूस आयुष्यभर भांडला, त्याच्याच नावावर सरहद्द आखली गेली आणि तो सरहद्दीच्या चुकीच्या बाजूला सापडला. त्याच्या आधीचा एखादा सामान्य बखरकार सुरक्षित. विष्णुशास्त्र्यांचे अनुस्वार मात्र पुसायला परवानगी.

तरी मी त्या नियमाच्या बाजूने आहे. शाळेतल्या मुलाला धड्यात ‘कांहीं’ आणि निबंधात ‘काही’ असं शिकवता येत नाही. शिवाय हा नियम निदान लेखी आहे. कुठून पुढे हात लावायचा आणि कुठून मागे लावायचा नाही हे कुणीतरी कागदावर सांगितलं. माझी तक्रार असलीच तर प्रकाशकांबद्दल आहे. शुद्धलेखन बदललं असेल तर पहिल्या पानामागे एक ओळ टाकायला काय जातं? कित्येक पुस्तकांत ती नसते, आणि मग एखादा विद्यार्थी नव्या आवृत्तीवरून ‘एकोणिसाव्या शतकातली लेखनपद्धती’ यावर प्रबंध लिहायला बसतो.

ही काळजी आपल्याकडे ज्यांनी पहिल्यांदा जिवापाड केली त्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे येतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा, मालिका बावीस खंडांवर गेली. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाड्यांना इतिहासाइतकाच भाषेचा सोस. त्यामुळे जुन्या पत्रात ‘दिल्हे’ असेल तर ते ‘दिले’ करणं, ‘जाहला’चं ‘झाला’ करणं हे त्यांच्या लेखी पुरावा नष्ट करणं. ते बरोबरच आहे. कारकुनाने शब्द कसा लिहिला यावरून कागद कधीचा, कुठला, अस्सल की मागाहून केलेली नक्कल, याचा माग लागतो. ‘सुधारलेल्या’ पत्रातून फक्त मजकूर मिळतो, आणि मजकूर काय, खोट्या कागदातही असतो.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत राजवाडे असेच अडून बसले. एकनाथांनी १५८४ मध्ये पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात आता कुणी आपली ओवी घालू नये; घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली म्हणायची. मराठीत दुसऱ्याच्या लिखाणाबद्दल इतकी स्पष्ट ताकीद त्याआधी कुणी दिलेली मला माहीत नाही. आणि तरीही राजवाडे एकनाथांच्या आधीची पोथी शोधत हिंडले, आणि १९०९ मध्ये तसा पाठ म्हणून त्यांनी आपली प्रत छापलीच. का? तर नाथांनी शुद्ध काय केलं ते दिसतं, पण काय काढलं, कुठे काय होतं, याची यादी मागे नाही. संताचा हात असला तरी संशोधकाला आधीचं पान बघायचं असतं.

मंडळाच्या परिसरात पुढे जी रीत रुळली ती मोडीच्या वर्गात पहिल्यांदा शिकवतात. शब्द तोडा, कारण न तोडता कुणी वाचणार नाही. शुद्धलेखनाला हात लावू नका. कागद फाटला असेल तिथे टिंबं द्या. आपला अंदाज असेल तो कंसात, आणि खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. ‘छ’ म्हणजे चंद्र, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, हे संक्षेप उलगडायचे तर तळाशी. ग. ह. खरे यांनी असल्या कामासाठी ‘संशोधकाचा मित्र’ नावाचं पुस्तकच लिहून ठेवलंय. एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलं होतं, सर, चूक सरळ दिसतेय, मग सुधारली तर काय बिघडलं? सर म्हणाले, “सुधारा की. फक्त चूकही तिथेच राहू द्या.”

पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात पंचेचाळीस भाग काढले. कामाचा झपाटा थक्क करणारा. पण प्रत्येक पत्राच्या डोक्यावर इंग्रजीत सारांश दिलेला आहे, आणि मी पाहिलेले बहुतेक वाचणारे सारांश वाचून पान उलटतात.

आता लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चं. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये कबूल केले आणि चित्रं काढायचंही अंगावर घेतलं. १९२५ पासून प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकलेला माणूस, पुढे बर्लिनला संस्कृताकडे वळला. गणित त्यांच्या कामात दिसतं. पोथ्या कुठकुठल्या, तर काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, नेपाळच्या, बंगालच्या, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम लिपींतल्या. एकूण बाराशेवर. ताडून पाहण्याची पद्धत अशी: मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या, वर श्लोकाचा चरण एकेका चौकटीत एकेक अक्षर करून लिहायचा, आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे अक्षर वेगळं तिथे ते त्याच चौकटीखाली. आमच्याकडे दोन फाइलींमधला फरक मशिन रंगवून दाखवतं. इथे शास्त्री मंडळी वर्षानुवर्षं ते हाताने करत होती, आणि एकदम बऱ्याच पोथ्यांचं.

छापलेला खंड उघडून बघा. वर मुख्य श्लोक, आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांचा डोंगर. मुख्य श्लोकात मधेच एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ दिसते. अर्थ असा की हा पाठ आम्ही निवडलाय, पण आमची पूर्ण खात्री नाही. जिथे एकाही पोथीत नाही असं अक्षर संपादकाने स्वतः घातलं, तिथे तारांकित खूण. अशा जागा सुकथनकरांनी अगदी मोजक्या ठेवल्या. आणि जे श्लोक नंतरचे म्हणून काढले, ते फेकले नाहीत. लहान असतील तर त्याच पानाच्या तळाशी, मोठे असतील तर खंडाच्या अखेरीस परिशिष्टात, अनुक्रमांक देऊन.

गणपतीने व्यासांचा लेखक होऊन महाभारत उतरवून घेतलं ही कथा आपल्याला बालपणापासून पाठ. आदिपर्वाच्या संहितेतून ती याच नियमाने बाहेर गेली आणि परिशिष्टात बसली. गणपतीच्या गावात, पुराव्यापुढे गणपतीला समासाबाहेर बसवायला छाती लागते. पण बसवला, हाकलला नाही. ज्याला ती कथा हवी त्याने त्याच खंडात मागे जाऊन वाचावी. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. १९६६ मध्ये काम पुरं झालं. संपादक बदलले तरी नागमोडी रेघ तीच राहिली. पुण्याने जगाला सौजन्य शिकवलं असं कुणी म्हणत नाही, दुपारी एक ते चारच्या पाटीवरचे विनोद सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ‘इथे मी हात लावलाय आणि माझी खात्री नाही’ असं दर पानावर छापून सांगणारी ती रेघ मला कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा सभ्य वाटते.

आमचा धंदा या ठिकाणी फार उशिरा पोचला. २००९ मध्ये गो नावाची भाषा आली तीच आपला फॉरमॅटर बरोबर घेऊन. मांडणी मशिन ठरवणार, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ते बरंच झालं. पायथॉनमध्ये तेवढ्यावर भागत नाही, कारण तिथे ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. ‘मी फक्त स्पेस दिल्या’ म्हणणारा तिथे पाच शेतांचे पाचशे रुपये करू शकतो. आणि २०१९ मध्ये गिटमध्ये सोय आली की ज्या नोंदी निव्वळ मांडणीच्या आहेत त्यांची यादी एका फाइलीत ठेवायची, आणि ओळ कुणाची हे विचारताना त्या नोंदी वगळायच्या. मूळ लेखकाचं नाव पुन्हा दिसू लागतं. पण ही सोय चालायला एक अट आहे: मांडणीची नोंद वेगळी केलेली असली पाहिजे. तिच्यात एक जरी खरा बदल मिसळला असेल तर ती वगळून चालत नाही. आमच्या टीममध्ये मी एवढा एकच नियम लावून धरते. दुसऱ्याची फाइल नीट लावायची असेल तर आधी त्याला सांगा, एका नोंदीत फक्त तेवढंच करा, आणि काम बदलायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी. नवी मुलं वैतागतात. वैतागू देत.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत, त्यांच्याशी थोडं. आजोबांचं खतपत्र, वतनाचा तंटा, कुणाच्या लग्नाच्या खर्चाची यादी, काहीही असेल. हल्ली हौसेने लोक ते बाळबोधीत उतरवतात आणि नातेवाइकांना पाठवतात, चांगली गोष्ट आहे. फक्त आधी कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कोऱ्या समासासकट आणि पाठीमागच्या शेऱ्यासकट. उतरवताना शब्द खुशाल तोडा, पण पणजोबांचं शुद्धलेखन सुधारू नका. लागलं नाही तिथे टिंबं द्या, अंदाज कंसात घाला, आणि खाली स्वतःचं नाव आणि तारीख लिहा. मूळ कागद मात्र लॅमिनेट करू नका.